टिचबटण

आई गेल्यानंतर पुन्हा कामावर रुजू झाले, तर शब्दकोशातल्या माझ्या वाट्याला आलेला इंग्रजी ‘स्नॅप’ तसाच पडून होता. काडी कट्‌कन मोडली, चुटकी वाजली, कुत्र्यानं हवेत जबडा मिटला, माणूस वस्सकन अंगावर आला, सगळ्याला हा एकच शब्द. इंग्रजीचं बरं असतं, एका भांड्यात सगळं शिजतं. मराठीत प्रत्येकाची चूल वेगळी. मी लिहीत गेले आणि शेवटी लिहिलं, टिचबटण.

“हे कोण म्हणतं आता?” संपादक म्हणाले. “प्रेस बटण करा. नाहीतर गाळा, एक ओळ वाचेल.”

“उद्या सांगते, सर.” वाद घालायला अंगात त्राण नव्हतं.

घरी बाबा अर्ध्या उघड्या निळ्या शर्टात बसले होते. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असतो. डाव्याला काज सापडत नाही, आणि दुसऱ्यानं बटणं लावून दिलेली त्यांना खपत नाहीत. म्हणून शिवणकाम करणाऱ्या आईनं त्यांच्या शर्टांची काजं शिवून बुजवली, वर जुनी बटणं दिसायला तशीच टाचली आणि आत टिचबटणं बसवली. बाबा गळ्यापासून एकेक बटण अंगठ्यानं दाबत खाली यायचे, टिच, टिच, आणि स्वयंपाकघरातून आई मान न वळवता सांगायची, “दुसरं नाही लागलं.”

निळा शर्ट तिच्या हातून अर्धाच राहिला. वरची दोन लागतात, खाली सगळं उघडं. ती गेल्यापासून बाबांना तोच हवा. त्यामुळे बाहेर जाणं नाही, हाताच्या व्यायामाला जाणं नाही. हात असाच राहिला तर आखडून बसेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“उद्या जायचं ना, बाबा?”

“या अवतारात?”

“दुसरा घाला.”

“नको.”

“मग मी हाच पुरा करते.”

“पंडितबाई, सुई धरता येते का? पुस्तकं खायला वाळवीनं हिच्याकडे शिकवणी लावावी, म्हणायची तुझी आई.”

“म्हणायची. आणि दोरा माझ्याकडून ओवून घ्यायची.”

मग एका हातानं, खांदा हलवत, शर्ट काढून त्यांनी माझ्या मांडीवर टाकला. “वरच्या दोन्हींना हात लावू नकोस.”

“नाही लावत.”

आई बटणाच्या टोकाला खडू घासून समोरच्या पट्टीवर दाबायची, ठिपका उमटेल तिथे जोडीदार शिवायची. मी तसंच केलं. टाके वेडेवाकडे आले, बोटं टोचली, मान भरून आली.

सकाळी मी चहा गाळत होते. बाहेरच्या खोलीतून टिच, टिच. मग नुसतं कापड दाबल्यासारखं काहीतरी. मग पुन्हा टिच. पुढे काही नाही. बाबा थांबले होते.

“तिसरं नाही लागलं,” मी म्हणाले.

मग, जरा जोरात, टिच.

“तुझं घट्ट आहे,” बाबा म्हणाले. “चपला कुठे ठेवल्यास?”

वाटेत संपादकांचा फोन आला. “मग, गाळायचं ना?”

“राहू द्या, सर. आमच्या घरी म्हणतात.”

“एका घरासाठी एक ओळ?”

“हो,” मी म्हणाले, आणि रस्ता ओलांडताना त्यांना माझा हात धरता यावा म्हणून बाबांच्या डाव्या बाजूला आले.