डावीकडे

डोंगराच्या पायथ्याचं ते उद्यान एवढं अवाढव्य की त्याला चार दरवाजे, आणि ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, सुट्टीत चारही दरवाज्यांवर गाड्यांच्या रांगा. फाट्यावर शिगेकीने मागे बसलेल्या आठ वर्षांच्या लेकीला विचारलं, "कोझुए, पाटीवरचा बाण कुठे आहे गं?"

"उजवीकडे," ती म्हणाली. बाण डावीकडे होता. सगळ्या डोंगराला वळसा घालून परत यावं लागलं, तास वाया गेला. शिगेकी नुसता हसला. "हिला डावंउजवं कधी कळणार कोण जाणे," एवढंच म्हणाला. शेजारी बसलेल्या त्याच्या आईला, तात्सुनोबाईंना, लेकाच्या शांत स्वभावाचं कौतुक वाटलं. मागे बसलेल्या सायोकोने मात्र बाही मनगटापर्यंत ओढून घेतली. नवऱ्याचं ते हसू ती ओळखून होती. ते आलं की मार नंतर येतो, घरी, दार लावून.

दहा वर्षं तिने एकाच गोष्टीवर काढली होती: मारतो तर मला मारतो, पोरीला हात लावत नाही. भर ऑगस्टात ती लांब बाह्या घालायची आणि कुणी विचारलं तर ऊन सोसत नाही म्हणायची. असल्या समजुतीवर बायका संसार ओढतात आणि आजूबाजूचे त्याला समंजसपणा म्हणतात.

दुपारी ओढ्याकाठच्या हिरवळीवर मांस भाजून झालं. शिगेकी जाळी घासायला निघाला आणि कोझुएला मदतीला घेऊन गेला. थोड्या वेळाने उष्टे वाडगे घेऊन सायोको भांडी धुण्याच्या जागेपाशी पोचली, तर भिंतीमागून त्याचा आवाज आला, अगदी समजावणीचा.

"हा तुझा डावा गाल. सांग, कुठला?"

"डावा."

फाडकन आवाज आला. "परत सांग."

"डावा."

पुन्हा तसाच आवाज. "आता जन्मात चुकणार नाहीस."

सायोको भिंतीच्या कडेशी उभी होती. तिला सगळं दिसत होतं. पोरगी रडत नव्हती, हात सरळ खाली सोडून तिसऱ्या फटक्याची वाट बघत होती. असं उभं राहायला ती कुणाकडून शिकली हे सायोकोला कळलं आणि तिला स्वतःची किळस आली. तरी तिचे पाय हलले नाहीत. शिगेकी हात पुसत तिच्या बाजूने गेला. "कलिंगड काढ," म्हणाला, "आई खोळंबलीय."

आणि तिने काढलं. ओढ्यात गार करत ठेवलेलं कलिंगड तिने स्वतः उचलून आणलं आणि ताडपत्रीपासून दहा पावलांवर पुठ्ठ्यावर नीट बसवलं.

डोळे बांधून काठीने कलिंगड फोडायचा खेळ मांडला की अनोळखी माणसंही दिशा ओरडायला जमतात. शेजारच्या दोन बिऱ्हाडांतली माणसं आली. तात्सुनोबाईंनी सुनेच्या डोळ्यांवर पंचा बांधला, हातात काठी दिली आणि तिला तीन गिरक्या घालायला लावल्या. शिगेकी अनवाणी, बिअरचा डबा घेऊन कलिंगडाच्या डाव्या अंगाला ताडपत्रीवर मांडी घालून बसला होता.

"हिचा नेम म्हणजे आनंदच आहे," तो पाहुण्यांना सांगत होता. "आपापली डोकी सांभाळा."

लोक हसले. ओढ्याची खळखळ उजव्या कानाशी आली, तेव्हा सायोकोला कळलं की कलिंगड नाकासमोर आहे. सगळेच ओरडत होते, "सरळ, सरळ." ती दोन पावलं सरळ गेली.

"आई, डावीकडे."

आवाज मागून आला, कोझुएचा.

"ऐका," शिगेकी म्हणाला, "एवढं शिकवलं तरी डावीकडेच."

"डावीकडे, आई. अजून."

आज ही पोर डावीकडे कुठे असतं ते चुकणार नव्हती. तिच्या गालाला ते ठाऊक होतं. सायोको वळली. नवऱ्याच्या आवाजाच्या रोखाने चालत गेली. शिगेकी हसत होता, आणि हसण्याच्या आवाजावरून त्याचं डोकं कुठे आणि खांदा कुठे हे तिला डोळस माणसाइतकं कळत होतं. पायाखाली ताडपत्री कुरकुरली.

"अगं ए," तो म्हणाला, "बूट काढ की. बूट घालून कुणी ताडपत्रीवर..."

तिने दोन्ही हातांनी काठी खाली आणली.

आधी लोक हसले. मग हाड मोडल्याचा आवाज त्यांच्या लक्षात आला. शिगेकीचा उजवा खांदा एका बाजूला लोंबला होता. पण तो उठला. दहा वर्षं दार लावून सांभाळलेला चेहरा त्याने भर उन्हात उघडा टाकला. बायकोला लाथ घालून आडवी केली आणि तो थेट कोझुएकडे गेला. डाव्या हाताने तिचे केस धरून तिचं तोंड त्याने गवतात घासलं. "डावीकडे? डावीकडे काय? बापाला मारायला लावतेस?"

सायोकोने पंचा ओढून गळ्यात घेतला. समोर सगळं लख्ख होतं. तिने काठी उचलली आणि त्याच्या गुडघ्यावर मारली. तो वाकला, पण केस सोडले नाहीत, तेव्हा मनगटावर मारली. केस सुटले. तो पडल्यावरही तिने मारलं, पाठीवर, मांडीवर, दात आवळून, काठी दुभंगेपर्यंत. शेजारच्या दोघा बाप्यांनी तिला मागे ओढलं तेव्हा शिगेकी तोंडातून रक्त गाळत कण्हत होता.

उद्यानाचा म्हातारा रखवालदार धापा टाकत आला. त्याने वही काढली. "काय झालं?"

तात्सुनोबाई पटकन पुढे झाल्या. कुटुंबाची अब्रू सावरायचा त्यांचा हातखंडा होता. "अपघात हो. सुनेच्या डोळ्यांवर पट्टी होती. पोरीने दिशा चुकीची सांगितली. लहान आहे, डावंउजवं कळत नाही तिला."

"हो," शिगेकी जमिनीवरूनच म्हणाला. "पोरीचं चुकलं."

सायोकोला सुटायला वाट होती. मान हलवली असती तर संध्याकाळी सगळे एकाच गाडीतून घरी गेले असते. कोझुएने ओठांवरची माती पुसली आणि खालमानेने म्हणाली, "माझंच चुकलं."

"नाही," सायोको म्हणाली. लेकीला तिने जवळ ओढलं. "तिने काहीही सांगितलं असतं तरी मी तिथेच मारणार होते. कलिंगड मीच ठेवलं होतं. कुठे आहे ते मला माहीत होतं."

"सायोको, शुद्धीवर आहेस का?" सासूबाई पुटपुटल्या.

"आणि दुसऱ्यांदा मारलं तेव्हा पट्टी गळ्यात होती. हे लिहून घ्या. सगळ्यांनी बघितलंय." तिने बाही कोपराच्या वर सारली आणि हात रखवालदारापुढे धरला. मग कोझुएची हनुवटी धरून तिचा गाल उजेडाकडे वळवला. त्यावर चार बोटं उठली होती.

म्हाताऱ्याने बराच वेळ तो गाल पाहिला. "पोलिसांना बोलवावं लागेल, बाई. तुम्हालाही नेतील."

"बोलवा."

तो लिहू लागला. मध्येच थांबून त्याने विचारलं, "पोरीचा गाल कुठला लिहू?"

सायोको काही बोलायच्या आत कोझुए म्हणाली, "डावा."