लाल पाटी लावणारा पाहुणा

मित्रांनो, मी एक जुना कराओकेचा माइक आहे आणि माझा माणसांवर फारसा विश्वास नाही. सगळा जन्म लोकांच्या तोंडाशी गेल्यावर कोण खरं बोलतं आणि कोण नुसतं गोड बोलतं, हे कळायला लागतं.

चीनमधल्या एका कारखान्यात मी तयार झालो आणि लिनसाहेबांच्या सामानातून कतारला आलो. अल खोरच्या त्यांच्या घरी शुक्रवारी दुपारची जेवणं झाली की चिनी मित्रमंडळी जमतात. कलिंगडाच्या बिया सोलत, चहा पीत आळीपाळीने गातात. "मला नाही येत" म्हणणारा मला सगळ्यांत शेवटी खाली ठेवतो. एकदा एकाने मला चहात बुडवलं. तेव्हापासून माझा आवाज खरखरतो.

एका शुक्रवारी सकाळीच फोन करून लिनसाहेबांनी वसईच्या इग्नेशियसना सपत्नीक बोलावलं. इग्नेशियस म्हणजे सुरक्षा तपासणारे अधिकारी. लिनसाहेबांच्या बांधकामावरची, मजूर उभे राहतात ती परांची कच्ची म्हणून त्यांनी आठवड्यापूर्वी तिला लाल पाटी लावली होती. वर चढायला बंदी. काम अडलेलं, आणि वर हे गाण्याचं आमंत्रण! माझ्या मनात पाल चुकचुकली. इग्नेशियसनी चहाला हातही लावला नाही. बायकोला, सेलीनला, ते हळूच म्हणाले, "गाणं झालं की पाटी काढायला सही मागतील बघ. मी नाय देणार. माणसं मरतील."

"आधी गाणं, काम नंतर," लिनसाहेब इंग्रजीत म्हणाले. या घरची ती रीतच आहे. पाहुणा गायल्याशिवाय कामाचा विषय निघत नाही. इग्नेशियसना मात्र तो सापळा वाटला. खरं सांगतो, मलाही वाटला.

ते चर्चमध्ये गाणारे, गळा चांगला. पण मला धरलेला हात घामाने ओला होता. गाणं संपलं आणि टाळ्या जरा जास्तच वाजल्या. त्या मला मुळीच आवडल्या नाहीत.

मग लिनसाहेबांनी मला दाराशी बसलेल्या माणसाच्या हातात दिलं. हा रत्नागिरीचा इब्राहीम, त्यांच्याकडे परांच्या बांधणारा. तो उभा राहिला आणि मराठीत म्हणाला, "साहेब, मला गाता येत नाय. आज पहाटे वाऱ्यानं ती परांची खाली आली. तुमची पाटी नसती तर माझी रात्रपाळी तिथंच होती, वरती. म्हणून लिनसाहेबांना बोललो, मला एकदा त्यांना भेटवा."

इग्नेशियस उठले. त्यांनी माझ्यासकट इब्राहीमचा हात धरला आणि बोलायला तोंड उघडलं. नुसता श्वास माझ्यातून खोलीभर ऐकू गेला. मला माझ्या संशयाची लाज वाटली.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, पाडू नका, एवढं तर मागतोच. पण तुमच्या भल्यासाठी कुणी तुम्हाला कधी अडवलं असेल, तर त्या माणसाला शोधून काढा आणि मला हातात घ्या. गाता नाही आलं तरी चालेल.