महाराजांचं हिमोग्लोबिन

"या तालुक्यात यापुढं एकही माणूस औषधावाचून मरणार नाही!" अशी ऐतिहासिक घोषणा हेमराजभाऊंनी ब्रह्मपुरीच्या बसस्टँडसमोरच्या चहाटपरीवर केली. ऐकायला तिघं होते. त्यातले दोघं गडचिरोलीच्या एसटीची वाट पाहत होते. ती लागली तसे ते इतिहास अर्धवट टाकून पळाले. तिसरे गुणवंतराव. त्यांना खरोखरच औषध हवं होतं, म्हणून ते बसून राहिले. शिवाय उठून पळण्याइतकं रक्तही अंगात नव्हतं.

गुणवंतरावांच्या किडन्यांनी हात टेकले होते. डॉक्टरांनी समजावलं होतं की किडनी म्हणजे नुसती गाळणी नव्हे. रक्त बनवा असा हुकूमही तीच सोडते. तो हुकूम सुटेनासा झाला आणि हिमोग्लोबिन सहावर येऊन टेकलं. झाडीपट्टीच्या नाटकांत उभी हयात राजाचं काम केलेल्या माणसाला, आपल्याच पोटातला हुकूम बंद पडावा, हे फार लागलं. सरकारी दवाखान्यात डायलिसिस फुकट व्हायचं. रक्त वाढवायची सुई मात्र कधी असायची, कधी 'वरून आली नाई.' नसली की बाहेरून आणा. यंदा ती बरेच दिवस वरून आली नव्हती, आणि बाहेरून आणायची ताकद महाराजांच्या खजिन्यात उरली नव्हती.

हेमराजभाऊंच्या मित्रमंडळानं मदत करायचं ठरवलं. मंडळाचा नियम एकच: मदत गुपचूप द्यायची नाही. गुपचूप दिली तर दिली हे लोकांना कळणार कसं? तेव्हा स्टेज, हार, माईक, पाहुणा आणि मधोमध लाभार्थी.

"गुणवंतभाऊ," हेमराजभाऊ दोन दिवस आधी घरी येऊन म्हणाले, "दाढी करू नका. आवाज बारीक ठेवा. अन् काठी टेकत या."

"काठी नाई माह्यापाशी."

"मंडळातर्फे घेऊन देतो."

अशा रीतीनं सुईच्या आधी काठी मंजूर झाली.

"एंट्री कोण्या बाजूनं?" गुणवंतरावांनी विचारलं. सवय.

"डाव्या. बाईनं धरून आणलेलं बरं दिसन."

"संवाद?"

"दोन शब्द आभाराचे. कापऱ्या आवाजात."

गुणवंतरावांच्या पत्नी रुखमाबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. हेमराजभाऊ गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "माईक पाह्यला का तुमच्या अंगात येते. तिथी महाराज होऊ नका जी. पेशंटच राहा."

"मी का येडा हाओ?" गुणवंतराव म्हणाले. या प्रश्नाचं उत्तर त्या देत नसत.

कार्यक्रम गुणवंतरावांच्या गावातल्या भातगिरणीच्या अंगणात, दुपारी. पाहुणे आदेशबाबू ऊर्जानगरकडून आले. तिथल्या वीजकेंद्राच्या राखेचे ट्रक चालवून त्यांचा धंदा पांढराशुभ्र झाला होता. टेबलावर बर्फाचा निळा डबा, डब्यात तीन महिन्यांच्या सुया, डब्यावर झेंडूचा हार. भाषणं झाली. डबा थंड राहील का, ही काळजी रुखमाबाईंना. हार सुकेल का, ही मंडळाला.

गुणवंतराव डाव्या बाजूनं आले. वाढलेली दाढी, काठी, बायकोचा खांदा. काम सुरेख चाललं होतं. बाया पदर डोळ्याला लावत होत्या. हेमराजभाऊंनी माईक हातात दिला. "मी..." गुणवंतराव कापऱ्या आवाजात म्हणाले, "मी तुमचा..."

तेवढ्यात मागून कोणी तरी ओरडलं, "महाराज, होऊन जाऊ द्या!"

झालं. पाठ ताठ झाली. काठी तलवारीसारखी वर गेली. "सेनापती!" असा काही आवाज फुटला की गिरणीच्या पत्र्यावरचे पारवे उडाले. "जोवर या देहात रक्ताचा एक थेंब आहे, तोवर हे सिंहासन झुकणार नाही!"

टाळ्या, शिट्ट्या. रुखमाबाईंनी कपाळाला हात लावला. आदेशबाबू हेमराजभाऊंच्या कानाशी झुकले. "हा बिमार आहे? माह्याहून जास्त रक्त दिसून राह्यलं. मले काऊन आणलं इथी?" आणि त्यांनी डब्यावरचा हात काढून घेतला.

हेमराजभाऊ माईक काढून घ्यायला पुढं झाले. पण पुढचं वाक्य आलंच नाही. थेंबाचा हिशेब खरा निघाला होता. महाराजांचा श्वास अर्ध्यात तुटला, काठी सुटली, गुडघे वाकले आणि ते स्टेजवर आडवे झाले.

"वन्स मोअर!" पब्लिक ओरडलं.

"अरे, हे नाटक नोहे!" रुखमाबाई किंचाळल्या. "याईले खरंच चक्कर आली ना रे!"

"बाईचंही काम फर्मास!" पुढल्या रांगेतला एक जाणकार म्हणाला, आणि टाळ्या दुप्पट झाल्या.

आदेशबाबूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माईक उचलला. "अशा कलावंताले तीन महिन्याच्या सुया? शरम वाटते मले! मी वर्षभराच्या जाहीर करतो." टाळ्या. "दोन वर्षाच्या!" जास्त टाळ्या. "अन् त्याईच्या नावानं रंगमंच बांधतो!" टाळ्यांनी पत्रे हलले.

"मग हा डबा?" हेमराजभाऊंनी विचारलं.

"हा इथं देणं म्हणजे कलावंताचा अपमान! दिवाळीनंतर ब्रह्मपुरीत मोठा मंच घालू, मोठे पाहुणे बोलवू, तिथं एकदम देऊ. डबा गाडीत ठेवा."

डबा हारासकट गाडीकडं निघाला.

इकडं कोणी तरी तोंडावर पाणी मारलं. रुखमाबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून गुणवंतरावांनी डोळे उघडले. हेमराजभाऊंनी लगबगीनं माईक त्यांच्या तोंडाशी धरला. एवढ्या दानावर महाराज काय बोलतात, ते ऐकायला आदेशबाबूही वाकले.

"भाऊ," गुणवंतराव म्हणाले. आवाज या खेपेला आपोआपच बारीक निघाला. "रंगमंच तुमच्या सवडीनं बांधा. त्या डब्यातली आजची एक सुई तेवढी काढून देता का?"