फाटकावरचे पाच तारे

मित्रांनो, सिरसाळ्याच्या वाटेवर कागदाचा एक कारखाना आहे. त्याच्या फाटकावर टांगलेला मी एक जुना फलक. ऊन खाऊन माझी काच पिवळी पडली आहे, पण दिवे अजून शाबूत आहेत.

नवा होतो तेव्हा माझा काय थाट होता! सरकारची तशी योजनाच होती. जो कारखाना सांडपाणी स्वच्छ करून सोडेल त्याला पाच तारे आणि लांब मुदतीचा परवाना. जो घाण सोडेल त्याला एकच तारा, तोही भर रस्त्यावर, सगळ्यांना दिसेल असा. माझ्या शेजारीच पत्र्याची एक खोली होती. तिच्यातून नाला वाहत ओढ्याला मिळे. नाल्यात बुडवलेली मोजणीची कांडी पाण्यातली घाण मोजी आणि मी ती आकड्यांत दाखवी.

मालक मोहनरावांनी हौसेने पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवले. पहिल्यांदा पाच तारे उजळले तेव्हा त्यांनी मला झेंडूचा हार घातला. पाहुणा आला की ते त्याला आधी माझ्यासमोर उभे करत, मग चहा पाजत.

यंदा पोळा झाला आणि थोड्याच दिवसांत ओढ्याकाठची विमलबाई फाटकावर आली. हातात कळशी, डोळे रडून सुजलेले. मागे गावातली माणसे.

"मालक, तुमची पाटी म्हन्ती पानी चोख हाय. मग माझ्या म्हशीची वगार कावून मेली? सकाळी वढ्यावर पानी पेली, दुपारी पाय झाडून गेली!"

तिने कळशी कलती केली. काळे, फेसाळ पाणी मोहनरावांच्या पायांपाशी पसरले. वासाने लोकांनी नाकाला पदर, रुमाल लावले.

मोहनराव रागावले नाहीत. "विमलबाई, पाटी मी न्हाई लिहीत. यंत्र मोजतं. या, डोळ्यांनी बघा," म्हणत त्यांनी खोलीचे दार उघडले.

आणि ते तिथेच थिजले.

मित्रांनो, मीही तेव्हाच पाहिले. नाला काळाकुट्ट वाहत होता. कांडी त्यात नव्हतीच! ती बाजूला एका निळ्या कॅनमध्ये, बोअरच्या नितळ पाण्यात बुडवून ठेवली होती. माझे सगळे आकडे त्या कॅनचे होते!

"भगवानराव!" मोहनरावांचा आवाज चिरकला. "हे काय हाय?"

व्यवस्थापक भगवानराव मान खाली घालून पुढे आले. "पानी शुद्ध करायचं यंत्र बिघडलं, मालक. दुरुस्तीला कारखाना थांबवावा लागला असता. न्हाई थांबवला तर तारे गेले असते. परवान्याची तारीख तोंडावर आलती..."

"म्हणून गावाला इख पाजलं?"

मोहनरावांनी कांडी उचलली आणि स्वतः नाल्यात सोडली.

माझे आकडे भराभर चढू लागले. हिरवे होते ते लाल झाले. एकेक तारा विझत गेला आणि शेवटी एकच उरला. मोहनराव माझ्याकडे असे पाहत होते, जणू घरातल्याच कुणाच्या मरणाची बातमी वाचत आहेत.

"कारखाना बंद करा," ते कसेबसे म्हणाले. थोड्या वेळाने यंत्रांची घरघर थांबली आणि नाल्याचा खळखळाट तेवढा ऐकू येत राहिला.

पुढे सरकारी तपासणी झाली. तारे गेले, लांब मुदतीचा परवानाही गेला. भगवानरावांची नोकरी सुटली. यंत्र दुरुस्त होईपर्यंत फाटकाला कुलूप होते. आता कारखाना पुन्हा चालतो. माझ्यावर तीन तारे आहेत आणि यावेळी ते खरे आहेत.

तरी विमलबाई म्हैस घेऊन ओढ्याकडे निघाली, की माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ती ओढ्यावर वाकते, ओंजळीत पाणी घेते, हुंगते आणि म्हशीला पाणी न पाजता तशीच पुढे हाकते.

मित्रांनो, मला तिचा राग येत नाही. चांगल्या कामाचे बक्षीस जरूर द्या, पण ते ज्याच्यासाठी दिले त्या पाण्यापर्यंत चालत जा. मी फाटकावर आहे. ओढा तिकडे, खाली आहे.