मुलांच्या वॉर्डामागची आरामखुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी आरामखुर्ची आहे. माझा एक पाय आखूड आहे, पण तोरा पूर्ण आहे. ज्या झाडातून मी निघाले ते इतकं उंच होतं, की ढगांना त्याला वळसा घालून जावं लागे. त्याच्या सावलीत अस्वलं घोरायची आणि ससे त्यांच्या पोटावर कोलांट्या मारायचे. खोटं वाटतं? वाटू द्या. पुढचं मात्र खरं आहे, आणि तेच खोटं असतं तर बरं झालं असतं.

सुताराने मला घडवलं आणि माझी रवानगी एका इस्पितळात, मुलांच्या वॉर्डामागच्या चिंचोळ्या खोलीत झाली. शेजारी चहाची किटली, खिडकीत वाळणारे मोजे आणि भिंतीपलीकडे रडणारी बाळं. तिथल्या मुख्य परिचारिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. मी आल्या आल्या त्यांनी नियम घातला, "या खुर्चीत बसलेल्याला हाक मारायची नाही. आणि इथे बोललेलं इथेच राहील."

काय माझा मान होता! डॉक्टर येत, आया येत. कोणी डुलकी काढी, कोणी डोळे पुसून परत कामाला लागे. मी इतकी आसवं प्यायले, की भर उन्हाळ्यात माझं लाकूड फुगलं.

माझी लाडकी होती चिमणी. ही तरुण परिचारिका सुई टोचताना चिवचिवाट करून मुलांना हसवी, म्हणून मुलांनीच ते नाव ठेवलं होतं. वॉर्डात माणसं कमी पडू लागली, तशी एक पाळी संपली की दुसरी तिच्याच गळ्यात पडू लागली. एका दुपारी ती धपकन माझ्यात बसली. मोठ्या बाई चहा गाळत होत्या.

"बाई, आज ते बाळ रडत होतं ना, मला दया नाही आली हो. राग आला. तशीच बाहेर पळाले. माझीच मला भीती वाटते."

"रड, पोरी. थकलीयेस तू. इथलं इथेच."

मग मोठ्या बाई इस्पितळाच्या मोठ्या साहेबांकडे तिच्यासाठी रजा मागायला गेल्या. साहेबांनी कारण विचारलं. बाईंनी ते सांगून टाकलं!

रजा मिळाली नाहीच. आमच्याच खोलीत बैठक भरली. साहेब माझ्यावरच ऐसपैस बसले आणि म्हणाले, "काही जणींना हल्ली लेकरांचा राग येतो म्हणे. अशांनी दुसरं काम बघावं."

सगळ्यांच्या माना चिमणीकडे वळल्या. मला मोडून पडावंसं वाटलं, पण सुताराने कामच पक्कं केलं होतं!

"अगं, तुझ्या रजेसाठीच बोलले मी," बाई नंतर काकुळतीला आल्या.

"रजा हवी होती, बाई. माझं रडणं नव्हतं द्यायचं त्यांना."

त्यानंतर ती माझ्यात कधी बसली नाही. चहासुद्धा उभ्याने पिई. मुलं "चिव कर ना" म्हणत. ती गुमान सुई टोचून पुढे जाई. मग ती नोकरीच सोडून गेली. इतरांनीही माझ्याकडे पाठ फिरवली. आता मोठ्या बाईच तेवढ्या येऊन बसतात. बोलायला तोंड उघडतात, दाराकडे बघतात आणि मिटतात.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्या तापात जागणारं कोणी थकून तुमच्यापाशी मन मोकळं करेल, तेव्हा ते पुढे नेऊ नका. भल्यासाठी न्यायचं असेल, तरी आधी त्याला विचारा.

आणि चिमणीचं खरं नाव मला विचारू नका. करवत लावलीत तरी ते माझ्यातून निघायचं नाही.