ढकलणाऱ्यापुरती जागा

"ही डावीकडे ओढते," मामा म्हणाले आणि त्यांनी लाल बाबागाडीची दांडी सोडून दिली. गाडी तीन पावलं सरळ गेली आणि मग खुशाल डावीकडे वळून दुधाच्या बाटल्यांच्या मांडणीला जाऊन टेकली. "रिकामी असताना ही तऱ्हा. तीन पोरं बसली की रोज ढकलणाऱ्याचं मनगट धरेल."

दुकानातली मुलगी हसली. "काका, तुमचं गाड्यांचं दुकान आहे का?"

मामा सकाळपासून ह्याच प्रश्नाची वाट बघत होते. "दुकान कुठलं आलंय," ते मुद्दाम चढ्या आवाजात म्हणाले. "मी हॉस्पिटलात वॉर्डबॉय आहे. एकतीस वर्षं स्ट्रेचर ढकलतोय." आणि त्यांनी व्याह्यांकडे पाहिलं.

व्याही म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. उंच, ताठ, शर्टाला कडक इस्त्री. ते लाल गाडीच्या छताचं कापड चाचपून बघत होते, ते बघतच राहिले. कान मात्र लाल झाले. मामांना बरं वाटलं. अगदी आतून गार वाटलं.

अख्खं हॉस्पिटल त्यांना मामा म्हणायचं. डॉक्टरसुद्धा. एकतीस वर्षांत त्यांना आपल्या कामाची लाज म्हणून कधी वाटली नव्हती. ती वाटायला लावली ह्या माणसानं. सहा वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नात हेडमास्तरांनी पाहुण्यांशी ओळख करून दिली, "हे आमचे व्याही, हॉस्पिटलात ऑफिसर आहेत." मामांच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. पण मुलीचं लग्न, भर पंगतीत बोलणार काय? गिळलं आणि गप्प बसले.

ते एक वेळ विसरलेही असते. पण तीन वर्षांपूर्वी हेडमास्तर डोळे तपासायला हॉस्पिटलात आले होते. मामा स्ट्रेचर घेऊन समोरून येत होते, वर एक आजी कण्हत होत्या. नजरानजर झाली. मामांनी मान हलवली, आणि हा मनुष्य गर्रकन वळून भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागला. स्ट्रेचर पुढे निघून जाईपर्यंत वाचत होता. त्या दिवसापासून मामांनी डूख धरला होता. रिटायर व्हायच्या आत ह्याची जिरवायची, चारचौघांत जिरवायची.

आणि मागच्या आठवड्यात लेकीचाच फोन आला. थोरली चार वर्षांची, त्यात दीड वर्षाचे जुळे. दोन बाबागाड्या आणि एक कडेवर, असं किती दिवस चालणार? तिघांना बसवणारी गाडी घ्यायची होती. "बाबा, चाकांतलं तुम्हालाच कळतं. सासरे पण येणार आहेत," ती म्हणाली. मामांची आज सुट्टी होती. तरीही त्यांनी निळा गणवेश धुऊन, इस्त्री करून चढवला आणि छातीवर बिल्ला लावला. 'वॉर्डबॉय', खाली नंबर.

दुकानाच्या दारात त्यांना बघून लेकीचा चेहरा पडला. "बाबा, ड्यूटीवरून आलात?"

"नाही. असाच आलो."

"माझं जॅकेट घाला वरून. दुकानात एसी आहे."

मामांना तिची दया आली. सासऱ्याच्या धाकानं पोरगी किती दबून गेली आहे, त्यांच्या मनात आलं. डूख आणखी घट्ट झाला.

हेडमास्तरांचं मन लाल गाडीवरच होतं. छत आहे, पडदे आहेत, पेला ठेवायला खाच आहे. दांडी मात्र बुटकी, वरखाली न होणारी. सकाळी पोरांना फिरवायला हेडमास्तरच नेतात. घेऊ दे की, मामांना वाटलं, वर्षभरात कंबर धरून बसेल. मोह चांगलाच झाला. पण त्यांनी खाली वाकून ब्रेक बघितला, तर तो एकाच चाकाला लागत होता.

"ही नको," ते म्हणाले. "उतारावर फिरेल गर्रकन. आमच्याकडे असली एक ट्रॉली आली होती. पेशंटसकट जाऊन लिफ्टच्या दारावर आपटली."

"पेशंट वाचला का?" दुकानातल्या मुलीनं विचारलं.

"पेशंट वाचला. माझी बोटं गेली दाराच्या फटीत." त्यांनी डाव्या हाताची दोन वाकडी बोटं हेडमास्तरांच्या नाकासमोर धरून दाखवली. हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

शेवटी करड्या रंगाची गाडी पसंत पडली. दिसायला पोत्यासारखी, पण पायानं एकदा दाबलं की दोन्ही मागची चाकं जाम. पट्टे खांद्यावरून येणारे. मामांनी लेकीबरोबर आलेल्या तिन्ही नातवंडांना आत बसवून दुकानभर फिरवलं, अरुंद बोळातून उलटी काढली, एका बोटानं वळवली. मग लेकीला दांडीपाशी उभं केलं आणि तिच्या कोपराच्या उंचीला दांडी लावून दिली. खिशातून सुतळी काढून गाडीची रुंदी मोजली. लेकीच्या बिल्डिंगमधल्या लिफ्टचं माप ते रविवारीच घेऊन आले होते. सुतळीला त्या मापावर गाठ मारलेली होती. गाडी गाठीच्या आत बसली.

घरी जायला दहा मिनिटांचा रस्ता. गाडी मामाच ढकलत होते, हेडमास्तर मागून येत होते. पाच वाजता बिल्डिंगच्या गेटाजवळच्या बाकावर हेडमास्तरांची मित्रमंडळी जमतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"बाबा, मागच्या गेटनं जाऊ या," लेक म्हणाली. "तिकडे चढ कमी आहे."

"ह्या गाडीला चढाचं काय!"

"मग मी ढकलते आता. तुम्ही दमला असाल."

"एकतीस वर्षं दमलो नाही, आता दमतोय होय?" मामांनी चाल वाढवली. आतून थोरली ओरडली, "आजोबा, जोरात." लेकही लहानपणी असंच ओरडायची. तिची आई गेल्यावर ती शाळा सुटली की थेट हॉस्पिटलात यायची, आणि मामा तिला रिकाम्या स्ट्रेचरवर बसवून लांबच लांब व्हरांड्यातून पळवायचे.

बाकावर चौघं बसलेले होते. त्यांतल्या एका टोपीवाल्यानं मान वर केली. "वा, झकास गाडी. दुकानाचा माणूस पोहोचवायला आलाय वाटतं?"

मामांनी ब्रेक दाबला, छाती पुढे काढली. "दुकानाचा नाही. मी ह्यांचा व्याही. हॉस्पिटलात वॉर्डबॉय आहे."

टोपीवाला गोंधळला. तो लेकीकडे वळला. "अगं सूनबाई, तुझे वडील तर ऑफिसर ना? तूच सांगितलं होतंस आमच्या हिला."

मग हेडमास्तर घाईघाईनं म्हणाले, "अहो, ते मी सांगितलं होतं. मीच. माझी ऐकण्यात चूक झाली."

पण मामा हेडमास्तरांकडे बघतच नव्हते. लेक गाडीत वाकून धाकट्याचा पट्टा सारखा करत होती. पट्टा सरळच होता, मामांनीच लावला होता. तिनं मान वर केली नाही, आणि मामांना सगळं कळलं.

लिफ्टपर्यंत गाडी तिनंच नेली. मामा मागून चालले. चालता चालता हेडमास्तर हळूच म्हणाले, "लग्नाआधी तिनं सांगितलं, ते मी खरं धरून चाललो. मग तुम्ही हॉस्पिटलात दिसलात. मला वाटलं, तुम्हा बापलेकीचं आपसात ठरलेलं असेल. तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तोंड फिरवलं."

"तिला विचारलं नाहीत?"

"काय विचारू? लेकरू आहे. कधीतरी आपणहून सांगेल म्हटलं."

मामांना त्या समजूतदारपणाचाच राग आला. सहा वर्षं जपून ठेवलेला सगळा राग त्यांनी गोळा करून बघितला, पण आता तो ठेवायचा कुणावर तेच कळेना. लेकीवर ठेवण्याइतकं बळ त्यांच्यात नव्हतं.

लिफ्टचं दार उघडलं. गाडी अलगद आत गेली. लेक आत गाडीच्या मागे उभी राहिली, आणि खाली न बघताच तिनं पायानं ब्रेक दाबला. थांबलीस की आधी ब्रेक, हे मामांनी तिला स्ट्रेचरवर शिकवलं होतं, तेव्हा ती सात वर्षांची होती.

"बाबा," ती म्हणाली.

मामा आत जायला निघाले आणि थांबले. त्यांनी माप बरोबर घेतलं होतं. गाडी आणि ढकलणारं एक माणूस, एवढीच जागा होती. "जा तू वर," ते म्हणाले. "पोरांना भूक लागली असेल." दार मिटलं.

दोघं व्याही खालीच राहिले. लिफ्ट पुन्हा येण्याची वाट न बघता मामा जिन्याकडे वळले. हेडमास्तरही मागोमाग आले. दुसऱ्या मजल्यावर त्यांना धाप लागली आणि त्यांनी कठडा धरला. मामा दोन पायऱ्या पुढे गेले होते. ते परत खाली आले, आणि ज्या हातानं रोज पेशंटला उठवायचे, तो वाकड्या बोटांचा हात त्यांनी हेडमास्तरांच्या कोपराखाली घातला.

"घाई नको," ते म्हणाले. "एकेक पायरी घ्या."