खेकड्यांचा रस्सा

"तीन वर्षं? रोज?" आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स दिव्यानीनं हातातला तपासणीचा कागद टेबलावर ठेवला.

"रोज कुठी, बाई! अमावसेले आन् शनवारी नाई." गोकुळा कौतुकानं सांगू लागली. "बाकी एक दिस नाई चुकवला. धानाच्या बांधीवर जावाचं, बिळात हात घालाचा, दहा-बारा खेकडे धराचे. पाट्यावर कवटीसकट वाटाचे. वर मूठभर सुके झिंगे. आमच्या मानसाचं हाड जुळते त्याच्यानं." तिनं बोटं पुढं केली. नांग्यांच्या चिमट्यांचे पांढरे व्रण पेरापेरावर होते. "चावते. चावू दे. मानसापरीस बोट मोठं हाय का?"

"आणि बंद काय केलं?"

"दही, ताक, वांगं, दाळ. वातूळ हाय म्हने सारं."

उपकेंद्राच्या बाहेर, कडुलिंबाखाली, तिचा नवरा मुखरू आपल्यासोबत मासेमारी करणाऱ्या चैतूच्या मोटारसायकलीवर बसून होता. दोन पायऱ्या चढणं त्याला जमलं नव्हतं. उजव्या पायाचा अंगठा वांग्यासारखा तुकतुकीत सुजलेला. कोपरावर बोराएवढी गाठ. तशीच एक गाठ उन्हाळ्यात फुटली होती आणि तिच्यातून चुन्यासारखं पांढरं काही निघालं होतं. हाडाचं पीठ होऊन राह्यलं, असं समजून गोकुळानं त्या दिवसापासून सहाचे बारा खेकडे केले होते.

"काकू, ते हाड नव्हतं," दिव्यानी हळू म्हणाली. "रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलं ना, की त्याचे बारीक खडे होतात, सुईसारखे. सांध्यात जाऊन बसतात. काकाचं मूत्रपिंड ते पुरतं बाहेर फेकत नाही, हा मूळ दोष. पण खेकडे, झिंगे, मोहाची दारू, यानं ते अजून वाढते. दाळीनं तेवढं नाही. ताक तर चांगलंच."

गोकुळानं पुढं केलेली बोटं पदराखाली घेतली.

"म्हंजे मीच."

"तुम्हाले कोणी सांगितलं नव्हतं, काकू. गोळ्या मोठे डॉक्टर देतील, पण गुण यायले महिने लागतात. तोवर हा पाय थंड पाण्यात घालू देऊ नका."

"उद्या तलावात जाळं हाय."

दिव्यानी याच भागातली. तिला नियम ठाऊक होता. मोठं जाळं पडेल त्या दिवशी ज्याचे पाय पाण्यात, त्याचाच वाटा. गेल्या दोन खेपा मुखरू पाळीवर, तलावाच्या बांधावर, बसून राहिला होता. तिसऱ्यांदा चुकला की जाळ्यातली जागा दुसऱ्याची. पस्तीस वर्षं जाळ्याचं डावं टोक त्याच्या हातात होतं.

संध्याकाळी गोकुळानं ताटात भात आणि तुरीची दाळ वाढली. मुखरूनं ताटाकडं पाहिलं, मग चुलीशेजारच्या मडक्याकडं. आत सकाळचे खेकडे खरखरत होते.

"हे काय? उद्या पान्यात उतराचं हाय मले. रस्सा कुठी हाय?"

"दिव्यानी म्हन्ते, रश्श्यानंच वाढलं." एवढे शब्द जुळवायला तिला सारा रस्ता लागला होता.

मुखरू मोठ्यानं हसला. "तिले काय समजते? कालची पोरगी! तुह्या हातच्या रश्श्यानं तर मी उभा हावो. काऊन रडून राह्यली?"

"मी आता नाई करत जी."

"एक दिस! उद्याच्यापुरता कर, मंग नको करू."

ती उठली, मडक्यावर झाकण ठेवलं आणि त्यावर वरवंटा ठेवला. मुखरूनं ताट सरकवलं आणि उपाशीच भिंतीकडं तोंड करून निजला.

सकाळी तलावावर धुकं होतं. काठीच्या आधारानं तो पाळ उतरला. गोकुळा मागं होती, पण तिनं त्याला अडवलं नाही. अडवायचं कोणत्या तोंडानं? चैतूनं डावं टोक त्याच्या हातात दिलं.

"ये भाऊ, तुह्याबिगर मासे बी रुसले."

सगळे हसले. मुखरूही हसला. पाय पाण्यात गेला. एक पाऊल, दुसरं. तिसऱ्याला त्याच्या तोंडून असा आवाज आला की काठावरचे बगळे उडाले. तो गुडघ्यावर बसला आणि जाळ्याचं टोक सुटलं. डाव्या बाजूनं मासे निघून गेले. पाणी नुसतं हाललं.

चैतूनं त्याला पाठीवर घेऊन पाळीवर आणलं. तेवढ्यात दुसऱ्या कोणीतरी टोक उचललं होतं.

"पाह्यलं?" मुखरू दात आवळून गोकुळाला म्हणाला. "एक दिस रस्सा नाई देल्ला, तं पाय पाहा."

"खरं हाय, वहिनी," चैतू म्हणाला. "पोरगी शिकली आसन, पन इतक्या वर्साचा उपाय एकदम सोडू नये."

तीन वर्षं गोकुळा चुकत होती तेव्हा अख्खं गाव कौतुकानं तिचं नाव घेत होतं.

"आज तरी कर," मुखरू म्हणाला. आता आवाजात राग नव्हता. विनवणी होती.

घरी येऊन तिनं वरवंटा बाजूला केला, मडकं कमरेवर घेतलं आणि बांधीकडं गेली. धानाच्या कापलेल्या बुडख्यांत तिनं ते पालथं केलं. खेकडे तिरपे तिरपे धावत बिळांत शिरले. एक तेवढा निघेना. मडक्यात हात घातला तसं त्यानं तिचं बोट धरलं.

ती खाली बसली. तिनं हात झटकला नाही. तो आपला आपण सोडेपर्यंत ती तशीच बसून राहिली.